श्री शांतादुर्गा, कवळे : स्थलांतर आणि अखंड उपासना

आमच्या ज्ञातीत अशी कुळे पुष्कळ आहेत, की ज्यांचे मूळ गाव सुटले, आडनावे पालटली, परंतु कुलस्वामिनीचे नाव सुटले नाही. कवळ्याची श्री शांतादुर्गा ही अशा असंख्य कुळांची माउली होय.

शिव व विष्णू यांच्यात युद्ध जुंपले असता जगदंबेने मध्ये पडून उभयतांस शांत केले, म्हणून ती शांतादुर्गा, अशी कथा आहे. देवीच्या हातांतील दोन सर्प हे हरिहरांचे प्रतीक मानतात. गोमंतकात गावोगावी वारुळाच्या रूपाने पूजिली जाणारी सांतेरी ती हीच, असेही अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे शेतकऱ्याची भूमाता आणि पुराणातील दुर्गा या एकाच गाभाऱ्यात नांदत आल्या.

देवीचे मूळ स्थान केळशी. इ.स. १५४३ मध्ये साष्टी प्रांत पोर्तुगीजांकडे गेला आणि १५६० नंतरच्या दशकात तेथील देवळांवर संहार ओढवला. त्या संकटात भक्तांनी देवीस झुआरीपलीकडे, आदिलशाहीच्या अंमलाखालील अंत्रुज महालात आणिले. घरदार, शेतीवाडी मागे राहिली. देव मात्र मागे राहू दिला नाही. कवळे येथे प्रथम साधेच देवालय होते. पुढे शाहू छत्रपतींचे मंत्री, कोचऱ्याचे नारोराम रेगे, यांच्या पुढाकाराने इ.स. १७३८ च्या सुमारास सांप्रतचे भव्य मंदिर उभे राहिले आणि १७३९ मध्ये कवळे गाव देवस्थानास इनाम मिळाला. घुमट, कमानदार खिडक्या, दीपस्तंभ, तळी व अग्रशाळा यांनी ते आजही शोभत आहे. इ.स. १८९८ मध्ये मूर्तीची चोरी झाली; १९०२ मध्ये नव्या मूर्तीची प्रतिष्ठापना करण्यात आली.

येथे विचार करण्याजोगी गोष्ट ही, की स्थान बदलले, वास्तू बदलली, मूर्तीही नवी झाली. मग अखंड राहिले ते काय? अखंड राहिली ती उपासना. नित्यपूजा, पालखी, नवरात्र आणि माघ शुद्ध पंचमीची जत्रा यांच्या योगेच केळशीची देवी कवळ्यास तीच राहिली.

ही उपासना एकट्या महाजनांनी चालविली, असे मानणे कृतघ्नपणाचे होईल. पुजारी, वाजंत्री, दिवट्या धरणारे, फुले आणणारे, पालखीचे भोई अशा अनेक हातांनी ती पेलली आहे. स्थलांतराच्या काळी महार समाजाने साह्य केले आणि त्याची आठवण म्हणून माघ शुद्ध षष्ठीस त्यांना दर्शनाचा विशेष मान मिळाला, अशी परंपरा सांगितली जाते. उपकाराचे स्मरण वर्षातून एका दिवसापुरते ठेवून इतर दिवशी अंतर राखावयाचे, हे शांतादुर्गेच्या नावाशी सुसंगत आहे काय? भांडणाऱ्या दोघांचे हात जी एकत्र धरते, तिच्या दारी उच्चनीच भाव शोभत नाही.

इ.स. १९३३ च्या नियमावलीने महाजनांचे हक्क लेखी झाले. परंतु त्या नोंदीचा अर्थ आपण देवीचे मालक झालो असा नव्हे. आपण विश्वस्त आहोत. तेव्हा ज्ञातिबांधवांस आमची विनंती एवढीच : आपल्या घरातील वृद्धांस ठाऊक असलेल्या कुळकथा, जुने कागद व देवस्थानाच्या सेवेकऱ्यांची माहिती वेळीच लिहून ठेवावी. पूर्वजांनी देवी हातांवर उचलून आणली. तिची स्मृती पुढच्या पिढीच्या हाती देणे, एवढे तरी आपल्याकडून घडो.