अर्ज, ठराव, बातमी: महाडच्या मराठी विभागाची पूर्वपीठिका

बी.ए.ला मराठी घेतलेल्या मुलांना साहित्याच्या इतिहासाबरोबर नाटक आणि भाषाविज्ञान शिकावं लागतं, आणि 'व्यवसायाभिमुख मराठी'ही. या शेवटच्या पेपरकडे मुलं गुण मिळवून देणारा पेपर म्हणून पाहतात. अर्ज लिहा, सभेचं इतिवृत्त लिहा, बातमी तयार करा. 'प्रति', 'विषय', 'आपला विश्वासू' जागच्या जागी पडलं की झालं. महाडमध्ये मात्र या पेपराला वंशावळ आहे आणि ती कॉलेजपेक्षा बरीच जुनी आहे.

तिचा पहिला ठळक पुरुष गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळचे. लष्करातून निवृत्त झाल्यावर ते दापोलीला राहिले. जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. 1888 साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. तिची रचना प्रवचनाची नाही, प्रश्नावलीची आहे. अस्पृश्यतेला आधार काय, असे एकामागून एक 26 प्रश्न धर्मपंडितांपुढे ठेवले आहेत. 'दीनबंधू' आणि 'सुधारक' या पत्रांतूनही ते लिहीत. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा 1894 मध्ये त्यांनी सरकारला विनंतीपत्र लिहिलं. म्हणजे पुस्तिका, वृत्तपत्रीय लेख आणि निवेदन हे तीनही प्रकार एका निवृत्त शिपायाने हाताळले. मुंबई विद्यापीठाच्या एम.ए.त मराठीला जागा मिळाली ती त्यानंतर, 1901 साली आणि तीही न्यायमूर्ती रानड्यांनी वर्षानुवर्षं खटपट केल्यावर.

पुढचं नाव महाडजवळच्या दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे. 1914 साली अलिबागला परीक्षा देऊन या अकरा वर्षांच्या मुलाने शिष्यवृत्ती मिळवली. महाडच्या इंग्रजी शाळेने अस्पृश्य म्हणून त्याला प्रवेश नाकारला. मुलाने वृत्तपत्राला पत्र लिहिलं. ते छापून आलं, वरून चौकशी झाली आणि शाळेला दार उघडावं लागलं. वर्गात त्याला इतरांपासून वेगळं बसवलं तो भाग निराळा, पण छापलेल्या चार ओळींनी काय हलतं, हे त्याने त्या वयातच पाहिलं. 1927 च्या महाड परिषदेमागे सर्वांत जास्त धावपळ करणाऱ्यांत हेच मोरे होते.

त्या परिषदेची सगळी हकिगत कागदपत्रांनी भरलेली आहे. 4 ऑगस्ट 1923 रोजी सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला: सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. त्याला धरून महाड नगरपालिकेने जानेवारी 1924 मध्ये चवदार तळं खुलं केलं. पुढची तीन वर्षं ठराव दप्तरात राहिला आणि तळ्यावर कोणी गेलं नाही.

19 आणि 20 मार्च 1927 ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. तिच्या तयारीसाठी लागणारा पैसा काही अंशी मुंबईत नाटकाचा प्रयोग करून उभा केला होता आणि परिषद भरली तीही महाडच्या वीरेश्वर थिएटरात. दुसऱ्या दिवशी कामकाज संपत आलं. आभारप्रदर्शन म्हणजे इतिवृत्तातलं सर्वांत निरुपद्रवी कलम. त्यासाठी उठलेल्या अनंतराव चित्र्यांनी सुचवलं, नगरपालिकेचा ठराव आत्ताच अमलात आणू. मग डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग सभा तळ्याकडे निघाली.

त्यानंतर गावात मारहाण झाली, तळं 'शुद्ध' करण्यात आलं. तीन एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू झालं, तेव्हा त्याच्यापुढे पहिला विषय महाडचाच होता. पाक्षिकाचे रकानेच्या रकाने बाबासाहेब स्वतः लिहीत. इकडे 4 ऑगस्ट 1927 ला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात तळं खाजगी असल्याचा दावा दिवाणी न्यायालयात दाखल झाला आणि मनाई हुकूम आला. डिसेंबरच्या परिषदेने तळ्यातलं पाणी घेतलं नाही, तिने मनुस्मृती जाळली. दावा चालला नऊ वर्षांहून अधिक. 17 मार्च 1937 ला उच्च न्यायालयाने निकाल दिला: अस्पृश्यांना वगळण्याची अनादी काळापासूनची वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही.

या वंशावळीतली नाटकाची फांदी महाडपासून थोडी दूर जाऊन वाढली. भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी अस्पृश्यतेचा विषय वस्त्यावस्त्यांत नेला. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली औरंगाबादला कॉलेज काढलं, पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. तिथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं. पुढे प्रेमानंद गज्वींच्या 'घोटभर पाणी' या एकांकिकेने पाण्याचाच प्रश्न रंगमंचावर आणला. साहित्याची फांदी मात्र परत महाडला आली: 1972 साली इथे दलित साहित्याचं संमेलन भरलं, अध्यक्ष होते बाबूराव बागूल. त्याआधीच, 1961 साली, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालय महाडमध्ये उभं राहिलं होतं.

म्हणजे क्रम असा: आधी लेखन, मग चळवळ आणि त्यानंतर साहित्य शिकवणारं कॉलेज व साहित्याचं संमेलन. अभ्यासक्रमात हा क्रम दिसत नाही. तिथे दलित साहित्य एका पेपरात आणि अर्जाचा नमुना दुसऱ्या पेपरात, जणू दोघांचा संबंधच नाही. वास्तविक 1924 चा ठराव आणि 20 मार्चची चित्र्यांची सूचना शेजारी ठेवून वाचली, तर व्यवसायाभिमुख लेखनाबद्दलची मोठी गोष्ट कळते. ठरावाचा मसुदा कितीही बिनचूक असो, अंमल करणारी माणसं नसली की तो तीन वर्षं पडून राहतो. उलट, माणसं तळ्यावर गेली पण त्यांच्या बाजूचा कागद नसता, तर कोर्टात ती केवळ दंगलखोर ठरली असती.

महाड-पोलादपूरच्या वर्गांत नमुन्यादाखल 'नळाला पाणी येत नाही' असा काल्पनिक अर्ज लिहवून घेतला जातो, त्याऐवजी नगरपालिकेचे हे दोन ठराव, 1924 चा आणि तो रद्द करणारा 1927 चा, मुलांपुढे ठेवावेत. दोन्हींची भाषा तपासायला सांगावी: सूचक कोण, अनुमोदक कोण, कर्ता कुठे लपवला आहे, क्रियापद कोणावर जबाबदारी टाकतं. भाषाविज्ञान, साहित्य आणि व्यवसायाभिमुख मराठी, तिन्ही पेपरांचा अभ्यास त्या दोन कागदांत होईल.