बांधातले क्षेत्र आणि बांधापलीकडचे

ठाणे जिल्ह्याच्या महसुली दप्तरात ‘क्षेत्र’ हा शब्द जितका लिहिला गेला, तितका तो गणिताच्या किंवा पदार्थविज्ञानाच्या ग्रंथांतही क्वचितच आला असेल. आणि तरीही भास्कराचार्यांच्या क्षेत्रव्यवहारातील क्षेत्र, तलाठ्याच्या उताऱ्यातील क्षेत्र आणि चुंबकाभोवतीचे क्षेत्र यांचे काही नाते आहे, हे ही तिन्ही वाचणाऱ्या विद्यार्थ्याला सहसा कोणी सांगत नाही. माझे मत असे आहे की, गणिताने आणि पदार्थविज्ञानाने या संज्ञेला जे दोन भिन्न अर्थ दिले, ते दोन्ही आपल्या जमिनीच्या व्यवहारात फार पूर्वीपासून शेजारी शेजारी नांदत आले आहेत. एक अर्थ सीमेचा, दुसरा सीमेच्या आत जे काही आहे त्याच्या सत्तेचा.

सीमेचा अर्थ अधिक जुना दिसतो. 1787 साली ठाण्यात पायाचे खोदकाम चालू असता शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके 939 चा, म्हणजे इसवी सन 1017 चा, ताम्रपट सापडला. त्यात दान दिलेल्या गावाची ओळख पटते ती मापाने नव्हे, तर चतुःसीमांनी: पूर्वेस शेजारचे गाव आणि डोंगरावरून पडणारे पाणी, पश्चिमेस नदी, दक्षिणेस व उत्तरेस आणखी गावे. जमिनीचे मोल तिच्या विस्तारावर ठरू लागले तेव्हा मापाची गरज भासली, आणि मराठी अंमलात 5 हात 5 मुठींची काठी, 20 काठ्यांचा पांड, 20 पांडांचा बिघा आणि 120 बिघ्यांचा चाहूर अशी उतरंड रूढ झाली. परंतु हात कोणाचा आणि मूठ केवढी, हा प्रश्न काठीबरोबरच जन्मास आला होता.

त्याहूनही बिकट प्रश्न आकाराचा होता. कल्याणच्या परिसरात भाताची खाचरे डोंगरउताराच्या वळणाने जातात आणि त्यांचे बांध क्वचितच सरळ असतात. अशा चौकोनी खाचराच्या समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून त्या दोन सरासऱ्यांचा गुणाकार करावा, हा नियम ब्रह्मगुप्ताने 628 साली नोंदविला खरा, पण त्यास त्याने ‘स्थूल’ म्हटले; आणि भास्कराचार्यांनी 1150 साली लीलावतीच्या क्षेत्रव्यवहारात, कर्ण किंवा लंब न सांगता केवळ चार बाजूंवरून चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याचा आणि ते सांगणाऱ्याचाही अत्यंत कठोर शब्दांत समाचार घेतला. त्यांच्या रागाचे कारण हिशेब केला की कळते. प्रत्येकी 33 फुटांचे चार बांध काटकोनात असले तर आत बरोबर एक गुंठा, म्हणजे 1,089 चौरस फूट जमीन मावते. तेच चार बांध तिरपे होऊन एका कोपऱ्याचा कोन 30 अंशांचा झाला तर आत अर्धाच गुंठा उरतो. सरासरीचा स्थूल नियम मात्र दोन्ही वेळा एकच गुंठा सांगतो. किंबहुना हा नियम खऱ्या क्षेत्रफळापेक्षा कमी आकडा कधीच देत नाही. काटकोनी आकार सोडला तर नेहमी अधिकच देतो, आणि सारा क्षेत्रफळावर बसत असेल तर त्या अधिकाचा भार कोणावर पडतो हे सांगावयास नको. गणितातील एका सूक्ष्म भेदावर कुळाच्या घरातील दाणे अवलंबून असावेत, ही गोष्ट मला भूमितीच्या कोणत्याही सिद्धांताइतकीच महत्त्वाची वाटते.

इंग्रजी अंमलातील मोजणीने हा दोष बव्हंशी दूर केला, तो शंकू-साखळीच्या पद्धतीने. 33 फुटांच्या साखळीचे 16 आणे पाडलेले असत. भूकरमापक खाचराच्या मधून एक आधाररेषा धरी, तिच्यावर शंकू रोवून बांधाच्या प्रत्येक वळणापर्यंत लंब टाकी, आणि ती अंतरे टिपणात उतरवी. मग निमतानदार ती तपासून घेई. लंब टाकला की वाकडे खाचर त्रिकोणांत आणि समलंब चौकोनांत फुटते, आणि त्यांचे क्षेत्रफळ निश्चित असते. भास्कराचार्यांची अट अशा रीतीने सरकारी हुकमाने पुरी झाली. 40 गुंठ्यांचा एकर त्या साखळीतूनच आला आणि गुंठा तर आजही ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत लोकांच्या तोंडी आहे. डोंबिवलीच्या इमारतींत जे ‘चटई क्षेत्र’ विकले जाते, ते जमिनीपासून कितीही मजले वर असले तरी मोजणीच्या याच वंशातले आहे.

गणिताने सीमेचा हा अर्थ पुढे फार दूरवर नेला. 1871 साली डेडेकिंड या जर्मन गणितज्ञाने अशा संख्यासमूहाची कल्पना मांडली की, ज्यातील संख्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि शून्याखेरीज इतरांनी भागाकार केला तरी उत्तर त्या समूहाबाहेर जात नाही. बीजगणितात यासही क्षेत्र म्हणतात. परिमेय संख्यांचे क्षेत्र होते, पूर्णांकांचे होत नाही, कारण 1 ला 2 ने भागताच शीव ओलांडली जाते. येथे माती नाही, बांध नाही, लांबी-रुंदीही नाही; उरली आहे ती केवळ शीव.

दुसऱ्या अर्थाचा माग मात्र ताम्रपटांत किंवा टिपणांत नव्हे, तर सातबाराच्या उत्तरार्धात लागतो. मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली, आणि पुढे गाव नमुना सात व गाव नमुना बारा एकाच कागदावर येऊन बसले. सातमध्ये भूमापन क्रमांक, कब्जेदार, क्षेत्र, आकार म्हणजे सारा, आणि पोटखराबा म्हणजे लागवडीस अयोग्य भाग असतो. बारामध्ये पीकपाहणीची नोंद असते, म्हणजे त्याच जमिनीच्या कोणत्या भागात भात आहे, कोठे नाचणी वा वरी आहे आणि कोठे नुसते गवत आहे, हे लिहिलेले असते. सात सांगतो जमीन कोठे संपते. बारा सांगतो, ज्या जागी तुम्ही उभे आहात तेथे काय आहे. पदार्थविज्ञानातील क्षेत्राची व्याख्या या दुसऱ्या प्रश्नातूनच निघते: अवकाशातील प्रत्येक बिंदूला एक परिमाण, आणि बहुधा एक दिशाही, नेमून दिली की क्षेत्र झाले. फॅराडेने 1845 मध्ये चुंबकाच्या संदर्भात या अर्थी हा शब्द वापरला आणि मॅक्सवेलच्या 1865 च्या निबंधाने त्यास गणिताचे रूप दिले. या क्षेत्राला शीव नसते. चुंबकापासून दूर जावे तसतसे ते क्षीण होते, परंतु अमुक बांधापाशी संपले असे कधीच होत नाही.

बांध न मानणाऱ्या या क्षेत्राची प्रचीती आपल्या भागात एका वाहनामुळे आली. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची निरीक्षणे चालू होती. विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले तेव्हा रुळांतून जमिनीत झिरपणाऱ्या प्रवाहांनी ती निरीक्षणे बिघडतील हे उघड झाले, आणि संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी 1904 ते 1906 पर्यंत कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेऊन, मालिका तुटू न देता, ते काम अलिबागेस हलविले. ट्राम 1907 साली धावू लागली. जुन्या आकड्यांची नव्या आकड्यांशी सांगड घालण्याची ही दक्षता मला फार थोर वाटते. तिच्यामुळेच या किनाऱ्याच्या चुंबकीय क्षेत्राची शतकाहून अधिक काळाची अखंड नोंद आपल्यापाशी आहे.

ठाण्यास 1853 साली आणि कल्याणास 1854 साली आलेली आगगाडी वाफेची होती, तेव्हा तिच्याकडून असा उपद्रव संभवत नव्हता. 1925 साली मुंबईत विजेच्या गाड्या सुरू झाल्या आणि थोड्याच वर्षांत 1,500 व्होल्टच्या एकदिश प्रवाहाची तार कल्याणपर्यंत पोहोचली. अशा एकट्या तारेतून 1,000 अँपिअर वाहत असतील तर 10 मीटरवर त्यांचे चुंबकीय क्षेत्र 20 मायक्रोटेस्ला भरते, म्हणजे या भागातील पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे निम्मे. परतीचा प्रवाह रुळांतून उलट दिशेने जात असल्याने त्यातील पुष्कळसा भाग छेदला जातो. परंतु जो अंश जमिनीत झिरपतो तो खाडीकाठच्या खाऱ्या, ओलसर मातीतून वाट मिळेल तिकडे दूरवर पसरतो आणि तितक्या अंतरावर होकायंत्राच्या सुईला हलवितो. 2015 च्या सुमारास या उपनगरी मार्गांवरील 1,500 व्होल्टची व्यवस्था जाऊन 25,000 व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह सर्वत्र आला. तितकेच काम करण्यास आता सुमारे सोळावा हिस्सा प्रवाह पुरतो, आणि तो सेकंदाला 50 आवर्तने करीत असल्यामुळे होकायंत्राच्या सुईला कोणत्याच एका बाजूस वळण्याइतकी उसंत मिळत नाही.