प्रिन्सिपलच्या केबिनबाहेरची गर्दी : फीच्या भांडणाचा इतिहास

"दादा, बसमध्ये ऐकू येत नाही, लिहून टाक ना" असं म्हणणाऱ्यांसाठी या भागाचं हे लेखी रूप. अडखळलेलं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात धुळ्यापासून. माझा भाचा तिथल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आहे. गेल्या जूनमध्ये फीचा नवा आकडा आला आणि ताईच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवसांत पाचशेवर मेसेज पडले. तिसऱ्या दिवशी साठ-सत्तर पालक प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनबाहेर. घोषणा झाल्या, कुणी व्हिडिओ काढला, एक काका टेबलावर हात आपटून म्हणाले, "लूट चालू आहे का भो इथे?" मॅडम बाहेर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "माझ्या हातात काही नाही."

गर्दी अजूनच भडकली. साहजिकच आहे. पण ताईने रात्री फोनवर हे वाक्य सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात एकच प्रश्न आला. मग आहे कुणाच्या हातात? आणि हे असं कधीपासून आहे? आजचा भाग त्यावर.

थोडं मागे जाऊ. १९०६ साली इंग्रजांनी खानदेश जिल्ह्याचे दोन तुकडे केले, पूर्व खानदेश म्हणजे आजचं जळगाव आणि पश्चिम खानदेश म्हणजे धुळे (नंदुरबार त्यातून १९९८ मध्ये वेगळा झाला). त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०८ मध्ये, अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. तिच्या शाळेला पुढे प्रताप हायस्कूल हे नाव मिळालं, गिरणीमालक प्रतापशेठ यांच्यावरून. साने गुरुजी १९२४ ते १९३० तिथेच शिकवत होते, हे आपल्याकडे पोरापोराला माहीत असतं.

मला त्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. त्या काळात शाळेच्या मागे पैसा कुणाचा, हे गावाला ठाऊक होतं. नावच पाटीवर. थोडी फी, थोडं सरकारी अनुदान आणि उरलेलं देणगीदाराच्या खिशातून. अनुदानाची पद्धत १८५४ च्या वुडच्या खलित्यापासूनची, म्हणजे तेव्हाही जुनीच. पुढे स्वातंत्र्यानंतर अनुदानित शाळांचा पगार सरकारी तिजोरीतून येऊ लागला. आपले आई-वडील ज्या मराठी शाळांत शिकले त्या बहुतेक याच. तिथेही हेडमास्तर आणि पालकांची भांडणं व्हायचीच. मारलं म्हणून, नापास केलं म्हणून, दाखला अडवला म्हणून. पण ती भांडणं हेडमास्तरांच्याच निर्णयावरची होती. ज्याने केलं त्यालाच जाब विचारला जायचा.

यात एक बारीक गोष्ट आहे. १९७७ मध्ये महाराष्ट्रात खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा आला. व्यवस्थापनाने मनात आलं म्हणून शिक्षकाला किंवा हेडमास्तरला काढून टाकलं तर त्याविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे जाता येतं, ते या कायद्यामुळे. अनुदानित शाळेतल्या हेडमास्तरला त्यामुळे थोडा कणा मिळाला. पगार सरकारचा, नोकरीला संरक्षण. चेअरमनसाहेबांना "नाही" म्हणायची सोय झाली. सगळे म्हणाले असं नाही, पण सोय होती.

मग चित्र बदललं. १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी मिळू लागली. (माझी स्वतःची डिग्री त्याच झाडाचं फळ, त्यामुळे मी फार तोंड वर करून बोलू शकत नाही.) डोनेशनचा बोभाटा इतका झाला की १९८७ मध्ये कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. शाळांच्या बाबतीत तर "कायम विनाअनुदानित" असा शब्दच सरकारी कागदावर आला, म्हणजे अनुदान आज नाही आणि उद्याही मागू नका. त्यातला "कायम" २००९ मध्ये काढला गेला. तोवर जळगाव, भुसावळ, धुळे, चाळीसगाव, जिकडे जाल तिकडे पिवळ्या बस फिरायला लागल्या होत्या.

आता यातला सांधा बघा. विनाअनुदानित शाळेत प्रिन्सिपलचा पगार कशातून येतो? फीतून. फी कोण ठरवतं? संस्था. १९७७ चा कायदा तिथेही लागू आहे, पण रोज सकाळी ज्यांना तोंड द्यायचं ते संस्थाचालकच. आणि पालकांना रोज दिसणारा चेहरा एकच, प्रिन्सिपल. आमच्या आयटीत सर्व्हर पडला की सपोर्टला बसलेल्या पोराला शिव्या बसतात ना, तसलंच हे.

मोठी भांडणं आधी मुंबई-पुण्यात पेटली. तिथे कोर्टाचा एक धागा समजून घ्यावा लागतो. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायाधीशांनी सांगितलं की विनाअनुदानित संस्थांना स्वतःची फी ठरवायचा अधिकार आहे, मात्र नफेखोरी चालणार नाही. नफेखोरी म्हणजे नेमकं किती, यावर पुढची सगळी लढाई. २०१० मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढून फीला लगाम घालायचा प्रयत्न केला. शाळा हायकोर्टात गेल्या आणि तो निर्णय रद्द झाला. नुसत्या जीआरवर हे भागणार नाही, कायदा करावा लागेल, हे तेव्हा स्पष्ट झालं. म्हणून २०११ चा शुल्क विनियमन कायदा. राष्ट्रपतींची संमती मिळून तो प्रत्यक्ष लागू व्हायला २०१४ उजाडलं आणि नियम आले २०१६ मध्ये. केजीत असलेलं पोरगं तोवर पाचवीला पोचलं!

या कायद्याने केलं काय, तर पालक-शिक्षक संघाला दात दिले. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत संघ बनवायचा, प्रत्येक विद्यार्थ्याचा पालक त्याचा सदस्य. त्यातून एक कार्यकारी समिती, आणि तीही चिठ्ठ्या टाकून. उपाध्यक्ष पालकांतला, सचिव शिक्षकांतला, दोन सहसचिव पालकांतले, शिवाय प्रत्येक इयत्तेचे प्रतिनिधी. संस्थेने पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव, हिशेबाच्या कागदांसह, किमान सहा महिने आधी या समितीपुढे ठेवायचा. समितीने तीस दिवसांत काय ते सांगायचं. ठरलेली फी दोन वर्षं बदलायची नाही. समिती आणि संस्था यांच्या आकड्यांत पंधरा टक्क्यांहून जास्त अंतर पडलं तर वाद विभागीय समितीकडे, जिच्यावर निवृत्त जिल्हा न्यायाधीश असतात.

आणि समितीचा अध्यक्ष कोण? प्रिन्सिपल.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो. ज्याच्या केबिनबाहेर घोषणा देताय, त्यालाच कायद्याने तुमच्या समितीच्या खुर्चीवर बसवलंय. काही पालक-कार्यकर्ते म्हणतात, इथेच कायदा फसला, पगार देणाऱ्याच्या विरोधात अध्यक्ष कसा जाईल? मला ते निम्मं पटतं. निम्मं नाही, कारण त्या टेबलाभोवती पालक बसलेले असतात आणि हिशेबाची फाइल मागणं हा त्यांचा हक्क आहे. प्रिन्सिपलला संस्थेपुढे जाऊन "समिती मान्य करत नाही" असं म्हणता येतं. एकट्याने "मला पटत नाही" म्हणण्यापेक्षा हे फार सोपं आहे. थोडक्यात, जुन्या हेडमास्तरचा हरवलेला कणा इथे उसना मिळू शकतो, पण तो पालकांनी द्यावा लागतो.

खानदेशासाठी अडचण वेगळीच. विभागीय समिती म्हणजे आपल्यासाठी नाशिक. जळगावहून रेल्वेने तीन-चार तास, धुळ्याहून एसटीने अख्खा दिवस मोडतो. हातावरचा धंदा असलेला माणूस तारखेला किती वेळा जाणार? त्यात एकट्या पालकाला तिथे दादच मिळत नव्हती. २०१८ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती मंजूर केली, किमान पंचवीस टक्के पालक एकत्र आले तर दाद मागता येईल अशी. आता पंचवीस टक्के म्हणजे हजार पोरांच्या शाळेत अडीचशे घरं. ग्रुपवर अंगठा दाखवणारे अडीचशे मिळतात. सही करा म्हटलं की, "भाऊ, पोरगं त्यांच्याच हातात आहे ना."

ही भीती हसण्यासारखी नाही. कोरोनात ती उघडी पडली. ८ मे २०२० ला सरकारने त्या वर्षी फी वाढवू नका असा निर्णय काढला, जूनमध्ये हायकोर्टाने त्याला स्थगिती दिली. मग ३ मे २०२१ ला राजस्थानच्या शाळांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने पंधरा टक्के कपात सांगितली आणि १२ ऑगस्ट २०२१ ला महाराष्ट्रानेही पंधरा टक्के कपातीचा निर्णय काढला. या सगळ्या घोळात फी थकली म्हणून ऑनलाइन वर्गाची लिंक बंद झालेली पोरं घरात बसून होती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही. लिंक बंद करणं म्हणजे काढणं का, यावर वकील वाद घालतील. पोराला मात्र कळतं.

आता परत धुळ्याला. मी ताईला म्हटलं, घोषणा राहू दे, कार्यकारी समितीची यादी आणि डिसेंबरच्या बैठकीचं इतिवृत्त माग. एका कागदावर, पोच घेऊन. मॅडमनी आठवड्याभरात दिलं, तेही काहीशा सुटलेल्या चेहऱ्याने, असं ताई म्हणाली. यादी तर म्हणे नोटीस बोर्डावर होतीच, क्रीडा दिनाच्या फोटोंखाली झाकलेली.

इतिवृत्ताच्या तळाशी सह्या होत्या. फीवाढीला मान्यता, सर्वानुमते. त्यातली एक सही टेबलावर हात आपटणाऱ्या काकांची.

ग्रुपवर काय झालं असेल ते सांगत नाही. काकांचं म्हणणं, बैठकीत चहा-समोसा आला, एक रजिस्टर फिरलं, सगळ्यांनी केली म्हणून मीही केली. मला ते खोटं वाटत नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की ही सही म्हणजे पुढच्या दोन वर्षांची फी आहे. ग्रुपमधून त्यांना काढा असा ठराव दोघांनी मांडला. ताईने तो होऊ दिला नाही. म्हणाली, आत काय घडतं ते पाहिलेला आपल्याकडे हा एकच माणूस आहे.

त्या वर्षीची फी भरावीच लागली. मॅडमनी संस्थेशी बोलून तीन हप्ते करून दिले, एवढंच त्यांच्या हातात होतं आणि तेवढं त्यांनी केलं.

जुलैच्या सोडतीत यावेळी हॉल भरला होता. चौथीच्या वर्गातून चिठ्ठी निघाली ती ताईची. नोव्हेंबरच्या शेवटी शाळेकडून जाडजूड फाइल आली आणि रात्री साडेदहाला तिने मला व्हिडिओ कॉल लावला. शेजारी काका बसलेले, चष्मा कपाळावर, हातात पेन्सिल.

"एक्सेल उघड," ताई म्हणाली. "बसच्या डिझेलपर्यंत कळलं आम्हाला. हे 'इतर खर्च' म्हणजे काय असतं रे?"