हमी कोणाची, पुरावा कोणाचा?

नवी मोटार विकत घेणाऱ्याच्या हाती किल्लीबरोबर एक छापील पत्रकही पडते. त्याला हमीपत्र म्हणतात. ठराविक मुदतीत गाडीचा एखादा भाग सदोष निघाल्यास कारखानदार तो बदलून देईल, एवढे त्याचे सार असते. परंतु वचन मोठ्या अक्षरांत आणि अपवाद बारीक अक्षरांत, ही अशा पत्रकांची जुनी रीत आहे. मालकाने बाजारातून दुसऱ्या कारखान्याचा भाग आणून बसविला, मूळचा सायलेन्सर काढून दुसरा लावला किंवा इंजिनात काही फेरफार करविला, आणि पुढे गाडी बिघडली, तर भुर्दंड कोणी सोसावयाचा? प्रश्न वरवर पाहता गॅरेजातला आहे. तथापि त्याचे उत्तर शोधण्यात अमेरिकेतील न्यायालयांची आणि विधिमंडळाची सुमारे साठ वर्षे गेली. भारतात तर तो एकविसाव्या शतकात धसास लागला.

या इतिहासाचा आरंभ एका लाकडी चाकापासून होतो. ब्यूइक कंपनीच्या एका मोटारीच्या चाकाचे आरे धावता धावता मोडले आणि मालक मॅक्फर्सन बाहेर फेकला जाऊन जखमी झाला. कंपनीचा बचाव दुहेरी होता. चाक तिने स्वतः बनविलेले नव्हते, दुसऱ्या कारखान्यातून घेतलेले होते. आणि मालकाने गाडी विक्रेत्याकडून घेतल्यामुळे त्याचा कंपनीशी करारच नव्हता. १९१६ साली न्यूयॉर्क राज्याच्या अपील न्यायालयात न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी हा बचाव अमान्य केला. चाकाचा दोष वाजवी तपासणीत उघड झाला असता, आणि ती तपासणी करणे हे तयार गाडी बाजारात आणणाऱ्याचे कर्तव्य होते, असा त्या निकालाचा आशय होय. परका भाग हा मोटारधंद्याच्या पाचवीलाच पुजलेला होता, हेही या खटल्यातून दिसून आले. इतरांचे भाग आणून गाडी जुळविणारा पहिला माणूस मालक नव्हे, खुद्द कारखानदारच होता.

जबाबदारी आमची, तर भागही आमचेच हवेत, असे म्हणण्यास कारखानदारांना मात्र जागा होती. जनरल मोटर्सच्या करारांनी विक्रेत्यांवर बाहेरचे भाग वापरण्याची बंदी घातली होती. सुटे भाग बनविणाऱ्या पिक या कंपनीने त्याविरुद्ध दाद मागितली. पण १९३६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या विरुद्ध गेलेला निकाल कायम केला. या बंदीने स्पर्धेला मोठा बाध येतो, हे सिद्ध झालेले नव्हते.

सामान्य ग्राहकाचे दुखणे खऱ्या अर्थाने उघडे पडले ते १९६० साली, न्यू जर्सीतील हेनिंगसेन खटल्यात. मे १९५५ मध्ये घेतलेली प्लिमथ गाडी दहाच दिवसांनी, अवघ्या ४६८ मैलांवर, एकाएकी वळली आणि विटांच्या भिंतीवर आदळली. चालविणाऱ्या बाईंना पुढून काहीतरी तुटल्याचा आवाज आला होता आणि सुकाणूचे चाक हातातून फिरले होते. मात्र गाडीच्या पुढच्या अंगाचा इतका चुराडा झाला होता, की मूळचा दोष कोठे होता हे दाखविणेच अशक्य झाले. हमीपत्र सांगत होते: ९० दिवस किंवा ४,००० मैल, यांपैकी जे आधी संपेल ते, सदोष भाग मालकाने स्वखर्चाने कारखान्याकडे धाडावा, आणि तो सदोष आहे अशी कारखानदाराची स्वतःची खात्री पटावी. म्हणजे वादी एक, आणि प्रतिवादी तोच न्यायाधीश! सगळे मोठे कारखानदार हेच छापील हमीपत्र देत असल्यामुळे ग्राहकाला दुसरीकडे जाण्याचीही सोय नव्हती. न्यायालयाने या कलमांचा आडोसा काढून घेतला, आणि पुराव्याचा चुराडा झाला म्हणून हक्काचाही चुराडा होत नाही, हे मान्य केले.

याच सुमारास हमीच्या मुदती लांबू लागल्या. क्रायस्लरने १९६३ च्या गाड्यांसाठी इंजिन आणि गतिसंक्रमणाच्या भागांना ५ वर्षे किंवा ५०,००० मैलांची हमी देऊ केली. नेमक्या त्याच १९६३ साली, वेगवान गाड्यांसाठी खास भाग बनविणाऱ्यांनी अमेरिकेत आपली संघटना स्थापन केली. एकीकडे हमी लांब झाली, दुसरीकडे गाडीत हौसेने फेरफार करणारे वाढले. तीन महिन्यांच्या हमीत क्वचित उद्भवणारा तंटा पाच वर्षांच्या हमीत वारंवार उभा राहणे स्वाभाविक होते.

या तंट्याला कायद्याची चौकट मिळाली ती ४ जानेवारी १९७५ रोजी. सिनेटर वॉरन मॅग्नसन आणि प्रतिनिधी जॉन मॉस यांच्या नावांनी ओळखला जाणारा हमीविषयक कायदा त्या दिवशी संमत झाला. विशिष्ट नाममुद्रेचाच भाग किंवा विशिष्ट ठिकाणचीच सेवा घेतली पाहिजे, अशी अट हमीला जोडता येणार नाही, असे त्याने ठरविले. तो भाग वा सेवा फुकट दिली, किंवा तिच्यावाचून वस्तू नीट चालतच नाही हे दाखवून सरकारी आयोगाची परवानगी मिळविली, तरच अपवाद. मात्र या कायद्याने फेरफार करणाऱ्याला मोकळे रान दिलेले नाही. बाहेरच्या भागामुळेच बिघाड झाला, तर तेवढ्यापुरती हमी नाकारता येते. नवा कॅमशाफ्ट बसविल्याने झडपा वाकल्या, तर कारखानदार हात झटकू शकतो. पण त्याच कारणावरून खिडकीची काच वर करणारी मोटर बदलून देण्यास तो नकार देऊ शकत नाही. कायदा झाला तरी जुनी सवय सुटत नाही, हेही खरे. मिनी गाड्यांच्या हमीसाठी स्वतःचेच भाग व विक्रेते वापरण्याची अट घातल्याच्या आरोपावरून बीएमडब्ल्यूला २०१५ साली आयोगाशी तडजोड करावी लागली.

भारतात ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळी मालकाचा खरा आधार कोपऱ्यावरचा मिस्त्री होता. पुढे गाड्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली आणि बिघाड शोधण्याची साधने कंपन्यांच्या हाती राहिली. सुटे भाग आणि ही साधने खुल्या बाजारात मिळत नाहीत, या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मोटर्स आणि महिंद्र अँड महिंद्र यांचाही त्यांत समावेश होता. दंडाच्या आकारणीवर पुढे अपिले झाली. परंतु सामान्य मालकाच्या दृष्टीने दंडापेक्षा मोलाचा होता तो त्याच आदेशातील एक निर्देश: बाहेरच्या गॅरेजात दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट हमी रद्द करू नये, सदोष दुरुस्तीने जेवढे नुकसान झाले असेल, तेवढ्यापुरतीच ती नाकारावी.

हौसेच्या फेरफारांना येथे आणखी एक मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्यानुसार, कारखानदाराच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा हमीचा प्रश्न निराळा आणि रस्त्यावर गाडी चालविण्याच्या परवानगीचा निराळा, हे ओळखणे हिताचे.

लाकडी चाकापासून इलेक्ट्रॉनिक यंत्रणेपर्यंतच्या या प्रवासात भाग बदलले, मुदती बदलल्या. वादाचे मर्म मात्र एकच राहिले. परका भाग बसविला हा काही अपराध नव्हे; त्या भागाने बिघाड केला की नाही, हा प्रश्न आहे. पहिली गोष्ट नुसत्या डोळ्यांना दिसते, दुसरी दाखवून द्यावी लागते. हमीपत्र लिहिणाऱ्याला पहिलीवरच थांबणे सोयीचे असते. त्याला दुसरीपर्यंत यावयास लावणे, हीच या कायद्यांची खरी कमाई होय. आणि तिचा लाभ त्यालाच होतो, जो जुना भाग, पावती आणि दुरुस्तीची नोंद जपून ठेवतो.