सावलीची दोन मिनिटे

वडोदऱ्याच्या उत्तरेस असलेल्या आमच्या गावाचे नाव सावली. पिलाजीराव गायकवाड यांचा १७३२ मध्ये डाकोर येथे घात झाल्यावर त्यांचा अंत्यविधी या गावी झाला, एवढ्यापुरते मराठ्यांच्या इतिहासात त्याला स्थान आहे. गुजराती मनुष्यास ते केवळ ग्रामनाम वाटते. मराठी कानाला मात्र त्यात छाया ऐकू येते. २२ जुलै २००९ रोजी सूर्योदयाच्या सुमारास चंद्राची छाया सुरतेच्या बाजूने गुजरातेत शिरली आणि भोपाळ, वाराणसी, पाटणा या मार्गाने पुढे गेली. आमचे गाव त्या पट्ट्याच्या उत्तर कडेला पडले. मी तेव्हा साधा शिक्षक होतो. काही विद्यार्थ्यांसह शाळेच्या गच्चीवर उभा होतो. परंतु आषाढातील ढगांनी सूर्य दिसू दिला नाही. फुटलेला उजेड मागे फिरला, पाखरे गप्प झाली, आणि थोड्या वेळाने त्याच दिवशी दुसऱ्यांदा पहाट झाली. जिना उतरताना एका मुलाने विचारले, “सर, आपण ग्रहण पाहिले असे म्हणायचे का?”

त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी सुचले नाही. पुढे २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचा इतिहास वाचताना ते हळूहळू सापडले.

तो दिवस शके १८१९ मधील पौष अमावास्येचा, शनिवारचा. मुंबई-पुण्यावर प्लेगचे सावट होते. वेदकालाचा निर्णय नक्षत्रांवरून करू पाहणारे लोकमान्य टिळक तुरुंगात होते. आणि ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ दोनच वर्षांपूर्वी प्रसिद्ध करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या आयुष्याचे अखेरचे तीन महिने उरले होते. अशा त्या वर्षी छायेचा पट्टा कोकणच्या किनाऱ्यावर उतरला आणि घाट ओलांडून सोलापूर जिल्हा, वऱ्हाड या वाटेने ईशान्येकडे बक्सरपर्यंत गेला. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटांची. तेवढ्यासाठी जगातील नामांकित ज्योतिर्विद महाराष्ट्रातील आडगावी तंबू ठोकून बसले होते.

विजयदुर्गास सर नॉर्मन लॉकियर आले. त्यांच्याबरोबरचे शास्त्रज्ञ मोजकेच होते. परंतु ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेवरील खलाशांना त्यांनी निरीक्षणाचे शिक्षण दिले. कोणी प्रभामंडळाचे रेखाटन करावयाचे, कोणी तारे टिपावयाचे, कोणी छायेकडे लक्ष ठेवावयाचे, अशी कामे वाटून पुनःपुन्हा सराव झाला. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते, तसेच पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्रा. कावसजी दादाभाई नेगमवाला यांचे पथकही होते. पुण्याची ती वेधशाळा भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून उभी राहिली होती. वऱ्हाडातील तळणी येथे ॲनी माउंडर या विदुषीने प्रभामंडळातून दूरवर गेलेल्या एका शलाकेचे छायाचित्र घेतले. यांपैकी अनेकांनी ग्रहण डोळे भरून पाहिले नसेल. ज्याच्या हाती छायाचित्राची काच बदलण्याचे काम, त्याने आकाशाकडे पाहावे कधी? आपल्या वाट्याचे तेवढेच पाहावयाचे आणि तेच प्रामाणिकपणे नोंदवावयाचे, हा त्यांचा नेम होता.

हा नेम पुढील पिढ्यांनी मात्र पाळला नाही. विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवितात, आणि १८६८ साली लॉकियरने तेथूनच हेलियमचा शोध लावला, असे कौतुकाने सांगतात. हे दोन ग्रहणांचे मिश्रण होय. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचे वेध जमखिंडी येथे लेफ्टनंट हर्शेल यांनी आणि गुंटूर येथे फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन यांनी घेतले. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते. सूर्याच्या तेजोज्वालांच्या वर्णपटातील पिवळी रेषा त्यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, तेथूनच पाहिली, आणि ती सोडियमची नव्हे हे ओळखले. पृथ्वीवर हेलियम रॅम्से यांना १८९५ साली सापडला. लॉकियर विजयदुर्गास आले ते त्यानंतर तीन वर्षांनी.

अशी दुरुस्ती केली म्हणजे आपण किल्ल्याचा मान कमी करतो, असे काही सन्मित्रांस वाटते. मला तसे वाटत नाही. आपल्या जुन्या ताम्रपटांत सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी दिलेल्या दानांचे उल्लेख आहेत. गणिताने ते ग्रहण त्या तिथीस जुळले तर लेखाच्या काळास आधार मिळतो. न जुळले तर शंका घ्यावी लागते. दीक्षितांसारख्या विद्वानांनी कालनिर्णयाचे गणित ज्या कसोशीने मांडले, ती कसोशी आपण दीडशे वर्षांपूर्वीच्या घटनेस लावू नये काय? शिवाय खरी हकीकत काही उणी नाही. खलाशांना ज्योतिर्विदाचे काम शिकविता येते, आणि पुण्याचा प्राध्यापक जेऊरच्या माळावर अमेरिकन वेधशाळेच्या बरोबरीने दुर्बीण लावतो, यापरता अभिमानाचा विषय शिक्षकास कोणता हवा?

त्या मुलास आज मी उत्तर देईन ते असे: बाळ, सूर्य दिसला नाही असेच वहीत लिही. उजेड परत फिरला, पाखरे गप्प झाली, दुसऱ्यांदा पहाट झाली, हेही लिही. जे ढगाआड राहिले ते पाहिल्याचे मात्र लिहू नकोस. तेवढे पाळलेस तर तू ग्रहण पाहिलेस असे मी म्हणेन.