एक खूण, दोन कामें

बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाई येथें दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी आहे. पंचीकरणाचा विषय त्यांनीं कागदावर न लिहितां सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडावर लिहिला. आजचा नोंदकार हें माप ४०′ × ४′ असें मांडील, आणि घाईंतला जुळारी तेथें अवतरणचिन्हाचाच खिळा बसवील. एकच खूण कधीं फूट सांगते, कधीं बोलणाऱ्याचे शब्द.

यांत नवल तें काय? ही दुहेरी चाकरी आपल्याकडे फार जुनी आहे. ओवी संपली कीं दोन दंड येत. तेच दंड दुकानदार वहींत अंकापुढें ओढी, तेव्हां त्यांचा अर्धा होई. २। म्हणजे सव्वादोन, २॥ अडीच, २॥। पावणेतीन. रुपयांच्या हिशेबांत तोच अर्धा आठ आणे ठरे. पोथींत मात्र ॥२॥ म्हणजे दुसरी ओवी. तेथें अडीच वाचणारा फसलाच!

बोलण्याला जुन्या पोथींत खूणच नव्हती. 'म्हणे', 'ऐसें', 'म्हणौनि' हे शब्द तें काम करीत, आणि ओवी कानानें ऐकावयाची असल्यामुळें तेवढें पुरे. अवतरणचिन्हें छापखान्याच्या काळांत आलीं; इंग्रजी विरामचिन्हें मराठींत रुजविण्याचें श्रेय मेजर थॉमस कँडी यांस दिलें जातें.

१९५७ सालीं दशमान नाणें आलें, आणा गेला, आणि वहींतला दंडहि हळूहळू मागें पडला. ओवीच्या अखेरीस तो अद्याप उभा आहे.