सातमध्ये नाव, बारामध्ये श्रम

१/ 'सातबारा' हा शब्द आपण एका दमात उच्चारतो. वस्तुतः गावच्या महसुली दप्तरातील दोन नमुन्यांचा तो जोडउतारा आहे. नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावे आहे हे असते, तर नमुना बारामध्ये तिच्यात काय पिकले हे. कोकणातील स्त्रीचा गेल्या शतकाचा इतिहास या दोन नमुन्यांमधल्या अंतरात दडलेला आहे.

२/ १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. पुढे गिरण्या वाढल्या आणि त्यांना हात पुरवले ते प्रामुख्याने रत्नागिरीने. १९११ च्या जनगणनेत मुंबईतील गिरणीकामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. आजच्या सिंधुदुर्गाचा काही भाग तेव्हा याच जिल्ह्यात होता.

३/ बहुतेक पुरुष एकटेच जात. बायको, मुले, म्हातारी माणसे गावी राहत. टपालखात्याची मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली आणि अनेक घरांचा आधार बनली. परंतु शेत पैशाने लागत नाही. भाजावळ, लावणी, कापणी, झोडणी यांचा भार गावी राहिलेल्या बाईवरच पडे. चाकरमानी शिमग्याला, गणपतीला येई आणि परत जाई.

४/ स्वातंत्र्यानंतर मोठे बदल झाले. १९४८ चा कूळकायदा आला, १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. कसणाऱ्या कुळाने त्या दिवशी जमीन विकत घेतली, असे कायद्याने मानले. घोषणा होती : कसेल त्याची जमीन. मग कोकणात कसत कोण होते?

५/ उत्तर कायद्याच्या व्याख्येत आहे. 'जातीने कसणे' म्हणजे स्वतःच्या श्रमाने, अथवा कुटुंबातील कोणाच्याही श्रमाने कसणे. ही तरतूद दयाळू होती. गिरणीत राबणाऱ्या गरीब कुळाचा हक्क तिच्यामुळे टिकू शकला. पण त्याच ओळीने पत्नीचे श्रम पतीच्या खात्यावर जमा केले. तो शेती करतो, याचा पुरावा ती ठरली. मालक मात्र तो.

६/ १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला मर्यादित हक्काऐवजी पूर्ण मालकी दिली. हे पाऊल ऐतिहासिकच. मात्र वारसा उघडतो तो मृत्यूनंतर. पती मुंबईत हयात असेल तर गावी राबणाऱ्या पत्नीचे त्याच्या जमिनीत नाव लागत नाही. जमीन विकायची वा गहाण टाकायची, तर सही त्याचीच.

७/ या शेतीचे मोल १९८२ मध्ये उघड झाले. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो लांबत गेला आणि असंख्य कामगार गावाकडे परतले. त्यांना परतायला घर होते, चुलीवर भात होता. कारण ते शेत कोणीतरी पडीक पडू दिले नव्हते.

८/ याच दशकात, कोकणाबाहेर, हा प्रश्न थेट विचारला गेला. १९८६ मध्ये चांदवड येथे शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. त्यानंतर शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम मांडली : शेतकऱ्याने जमिनीचा काही हिस्सा स्वखुशीने पत्नीच्या नावे करावा. शंभर जणांनी तसे केले की ते गाव 'लक्ष्मीमुक्त'. विचार मोलाचा होता. पण नाव लागणे अखेर नवऱ्याच्या मर्जीवरच अवलंबून राहिले.

९/ २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष बाहेर जाण्याची ती जुनी वाट आजही बुजलेली नाही.

१०/ घरचा जुना सातबारा कधी हाती आला तर सातमधले नाव वाचून थांबू नका. बारामध्ये 'भात' असे लिहिलेले दिसेल. ते कोणी लावले, हे आजीला विचारा. दप्तराने जे नोंदवले नाही, ते तिला ठाऊक आहे.